स्टीअरमनने वाळवंटाकडे : विचिटा ते मराना, उघड्या कॉकपिटमधून

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर एखादी बेशिस्त गाडी ज्या वेगाने जाते, साधारण त्याच वेगाने स्टीअरमन हे जुनं दुपंखी विमान उडतं. ताशी ९५ मैल, म्हणजे दीडशे किलोमीटर. समोरून ताशी २५ मैलांचा वारा लागला की जमिनीच्या हिशेबाने उरतात ७०. पश्चिम टेक्ससमध्ये इंटरस्टेट १० वरची वेगमर्यादा ८० मैल आहे, त्यामुळे खालचे ट्रक आपल्याला आरामात मागे टाकतात. हे ज्याला हसत सोसता येईल त्यानेच पुढे वाचावं.

अमेरिकेत पायलटचा परवाना काढलेली बरीच मराठी मंडळी आहेत. सेस्नासारख्या साध्या लहान विमानावर शंभरेक तास झाले की त्यातल्या एखाद्याला जुन्या दुपंखी विमानाचं वेड लागतं. हा लेख त्यांच्यासाठी आहे, आणि असा प्रवास नेमका कसा करतात हे घरबसल्या समजून घ्यायचं असेल त्यांच्यासाठीही. मार्ग कॅन्ससमधल्या विचिटापासून ॲरिझोनातल्या मरानापर्यंतचा, साधारण सतराशे किलोमीटरचा. विचिटा का, तर लॉइड स्टीअरमन यांचा कारखाना तिथलाच. मराना का, तर दुसऱ्या महायुद्धात ॲरिझोनाच्या वाळवंटात हजारो पोरं याच विमानावर उडायला शिकली. मेसाच्या फाल्कन फील्डवर तर ब्रिटिश हवाई दलाचे कॅडेटही होते.

आधी माणूस, मग विमान

स्टीअरमन मॉडेल ७५ आठ हजारांहून जास्त बनली आणि त्यातली बरीच आजही उडतात. पण ती भाड्याने एकट्याला मिळणं जवळपास अशक्य आहे, कारण विमा कंपनी आडवी येते. शेपटीला चाक असलेल्या विमानाचे किती तास झालेत आणि याच जातीच्या विमानावर शिक्षकाबरोबर किती, हे दोन प्रश्न पहिले येतात. त्यामुळे व्यवहारी वाट अशी: टेलव्हीलचं, म्हणजे शेपटीला चाक असलेलं विमान उडवण्याचं, एंडॉर्समेंट (शिक्षकाची लेखी मंजुरी) घ्या, एखाद्या मालकाशी ओळख वाढवा आणि त्याच्याबरोबर दुसऱ्या सीटवर बसून जा. खर्च वाटून घेता येतो, मात्र खासगी परवान्यावर उडवणाऱ्याला स्वतःचा वाटा भरावाच लागतो. फुकटात उडेन आणि पेट्रोल तू भर, हे एफएएच्या, म्हणजे अमेरिकेच्या हवाई वाहतूक खात्याच्या, नियमात बसत नाही. भारतातला डीजीसीएचा परवाना असेल तर एफएए त्याची पडताळणी करून त्याच्या आधारावर अमेरिकी प्रमाणपत्र देते. कागदपत्रांना वेळ लागतो, तेव्हा ते काम सगळ्यात आधी मार्गी लावा.

एकटं उडवताना मागच्या सीटवर बसायचं. तिथून पुढचं काही दिसत नाही. जमिनीवर नाकाडं वर असतं, म्हणून नागमोडी चालवत, एकदा डावीकडून एकदा उजवीकडून डोकावत धावपट्टीपर्यंत जायचं. चाकांमधलं अंतर कमी, त्यामुळे उतरल्यावर जरा दुर्लक्ष झालं की विमान स्वतःभोवती गिरकी घेतं. वाळवंटात आडवा वारा पाचवीला पुजलेला असतो. घरच्या गवताळ पट्टीवर नव्हे, तर डांबरी पट्टीवर आडव्या वाऱ्यात उतरण्याचा सराव करा. डांबर गवतासारखं चाक घसरू देत नाही, चूक झाली की लगेच पकडतं. हा सराव हात बसेपर्यंत करा, मगच तारीख ठरवा.

महिना

ऑक्टोबर. यात फारशी चर्चा नको. ॲरिझोनात १५ जून ते ३० सप्टेंबर हा मान्सूनचा काळ धरतात. आपल्यासारखा झडीचा पाऊस नसतो. दुपारनंतर ढग उभे राहतात, वीज पडते आणि ढगातून कोसळणारा गार वारा धुळीची प्रचंड भिंत पुढे ढकलत येतो. तिथे तिला हबूबच म्हणतात. वसंतात हवा प्रसन्न असते, पण पश्चिमेचा वारा पिसाळलेला. हिवाळ्यात उघड्या कॉकपिटमध्ये बोटं काम करेनाशी होतात.

मार्ग

नकाशावर सरळ रेघ मारली तर ती न्यू मेक्सिकोतल्या उंच डोंगरांवरून जाते. स्टीअरमनची कागदावरची कमाल उंची ११ हजार फुटांच्या आसपास आहे, पण कागदावरची. म्हणून खालून वळसा घ्यायचा: विचिटा, ओक्लाहोमातलं वुडवर्ड, टेक्ससमधली चिल्ड्रेस, लबक, मिडलंड, पेकोस, व्हॅन हॉर्न, फेबन्स, मग न्यू मेक्सिकोत डेमिंग आणि लॉर्ड्सबर्ग, ॲरिझोनात विलकॉक्स आणि शेवटी मराना. दोन थांब्यांमधलं अंतर ५५ ते १४५ मैल पडतं. मिडलंडनंतर इंटरस्टेट २० आणि पुढे इंटरस्टेट १० धरून राहायचं. न्यू मेक्सिकोत हा रस्ता खंडाचा जलविभाजक, म्हणजे पूर्वेचं आणि पश्चिमेचं पाणी विभागणारी रेघ, जेमतेम साडेचार हजार फुटांवर ओलांडतो. अमेरिकेत त्याच्या उत्तरेला इतका सखल रस्ता मिळत नाही.

महामार्ग धरून उडण्यात काही कमीपणा नाही. इंजिन बंद पडलं तर दोन पंख आणि ढीगभर तारांचं हे विमान फार लांब तरंगत नाही. रस्ता आवाक्यात असेल तर तासाभरात कुणीतरी पोहोचतं. आडरानात उतरलात तर दुसरा दिवसही उजाडेल.

पेकोसहून एल पासोला जाताना उत्तरेकडच्या ग्वादालूप खिंडीचा मोह होतो, कारण ती नकाशावर जवळची दिसते. तिच्या डोक्यावर ८,७५१ फुटांचं ग्वादालूप शिखर आहे, टेक्ससमधलं सर्वांत उंच, आणि खिंडीतला वारा कुप्रसिद्ध. तिकडे जाऊ नका.

या टप्प्यात आकाशातली बंधनंही दाट आहेत. एल पासोच्या उत्तरेला व्हाइट सॅंड्सचं क्षेपणास्त्र क्षेत्र, दक्षिणेला मेक्सिकोची सीमा आणि मधोमध एल पासोचं नियंत्रित हवाई क्षेत्र. डेमिंगजवळ तर दोरखंडाला बांधलेला रडारचा फुगा आहे. फुगा हजारो फूट वर असतो आणि त्याची तार हवेतून दिसत नाही. नकाशावर त्याच्याभोवती वर्तुळ आहे, ते लाल पेनाने पुन्हा गिरवा.

मूळ विमानात इंजिनावर चालणारी वीजव्यवस्थाच नसेल तर ट्रान्सपॉन्डर आणि एडीएस-बी (विमान कुठे आहे ते नियंत्रकांना कळवणारी उपकरणं) यांच्या नियमातून बऱ्याच ठिकाणी सूट मिळते, पण एल पासो आणि टूसॉनच्या विमानतळांभोवतीच्या क्लास सी या नियंत्रित क्षेत्रात मिळत नाही. त्यासाठी किमान तासभर आधी परवानगी मागावी लागते. टूसॉन टाळायचंच असेल तर बेन्सनपासून सॅन पेद्रोच्या खोऱ्याने उत्तरेला जाऊन, ओरॅकलवरून, ९,१५७ फुटी माउंट लेमनला वळसा घालून मरानाला उतरता येतं. देखावा सुंदर आहे, पण खाली रस्ते विरळ. टाकी भरलेली असेल तरच हा मार्ग घ्या.

पेट्रोलचं गणित

टाकी वरच्या पंखाच्या मध्यभागी, ४६ गॅलनची. पंप नाही, पेट्रोल आपल्या वजनाने खाली उतरतं. पंखाखाली एक काचेची नळी लोंबते, तिच्यात तरंगणारा खुणेचा दट्ट्या म्हणजे तुमचा इंधनमापक. हवेत धक्के बसत असले की तो वरखाली नाचतो आणि अर्धी टाकी आहे की पाव, हे कळत नाही. म्हणून भरवसा घड्याळावर ठेवायचा. २२० अश्वशक्तीचं कॉन्टिनेंटल इंजिन तासाला १२-१३ गॅलन पितं. हिशेबाला १३ धरा. साडेतीन तास झाले की टाकी कोरडी.

नियमाप्रमाणे दिवसा अर्ध्या तासाचं पेट्रोल शिल्लक राहिलं तरी चालतं. वाळवंटात एक तास ठेवा, कारण पुढच्या धावपट्टीवर एखादं विमान आडवं पडलेलं असलं तर त्याच्या पुढची धावपट्टी ऐंशी मैलांवर असते. उरले अडीच तास. ताशी ७० मैलांनी पावणेदोनशे मैल. म्हणून दीडशेच्या आतलेच टप्पे.

निघण्याच्या आदल्या दिवशी प्रत्येक थांब्याला फोन करा. प्रश्न तीन. १००एलएल (या इंजिनाला लागणारं विमानाचं पेट्रोल) आहे का? पंप रविवारी चालतो का? कार्ड घेतो का? लहान विमानतळांवर कधी फक्त जेटचं इंधन शिल्लक असतं, किंवा यंत्राला बंद असल्याची पाटी अडकवलेली असते, आणि ती पाटी वेबसाइटवर नसते. फेबन्सच्या बाबतीत तर हा फोन चुकवूच नका, कारण पुढे डेमिंगपर्यंत शंभर मैलांहून जास्त जायचं आहे.

भरताना शिडी लागते. मागून घ्या, चाकावर पाय देऊन वर चढू नका. कोरड्या हवेत स्थिर वीज साठते, म्हणून नळी टाकीला लावण्याआधी जमिनीशी जोडणारी तार विमानाच्या धातूला अडकवायची. कापडी पंखावर पेट्रोल सांडलं तर रंग खराब होतो, तेव्हा बगलेत फडकं ठेवा.

तेलाचंही असंच. हे इंजिन तासाला पाव गॅलनपर्यंत तेल खाऊ शकतं आणि उरलेलं थोडं तुमच्या चेहऱ्यावर आणून टाकतं. तुमच्या इंजिनाला लागणारं तेल वाळवंटातल्या विमानतळावर मिळेलच असं नाही. चार-सहा बाटल्या बरोबर असू द्या.

उष्णतेचा हिशेब

हा भाग कंटाळवाणा वाटतो, पण नेमका इथेच घात होतो. डेमिंगची धावपट्टी ४,३०० फुटांवर आहे. त्या उंचीवर प्रमाण तापमान साडेसहा अंशांच्या आसपास. दुपारी ३५ अंश झाले तर फरक साडेअठ्ठावीस. दर अंशाला १२० फूट धरले तर साधारण ३,४०० फूट वाढले. म्हणजे विमानाला वाटतं आपण ७,७०० फुटांवर आहोत. हवा विरळ झाल्याने इंजिनाची ताकद दर हजार फुटांना तीन टक्क्यांच्या आसपास घटते, तेव्हा २२० चे उरले १७० अश्व. पंख आणि नाकावरचा पंखा (प्रोपेलर) दोघांचीही पकड सुटलेली. धावपट्टी लांब आहे, त्यामुळे उड्डाण होतं खरं, पण नंतर चढता येत नाही. समोर टेकडी मात्र चढत जाते.

सकाळी सात वाजता तिथेच दहा अंश असतात, आणि हाच हिशेब पावणेपाच हजारांच्या आत येतो.

सगळ्या प्रवासाचं वेळापत्रक यातून निघतं. सूर्योदयानंतरचे पहिले चार तास तुमचे. अकराच्या सुमाराला जमीन तापते, हवा उकळायला लागते, वावटळी उठतात. त्यानंतर विमान बांधायचं आणि गावात जेवायला जायचं. दिवसाला दोन-तीन टप्पे झाले तर खूप झाले. हवेतला वेळ जेमतेम बारा-तेरा तास, तरी हाताशी पूर्ण आठवडा हवा. सोमवारी ऑफिसला पोहोचायचंच आहे असं ठरवून निघालात तर वाऱ्याशी वाद घालाल आणि हराल.

यात घड्याळही फसवतं. व्हॅन हॉर्न ओलांडलं की वेळ तासाने मागे जाते, आणि ॲरिझोना उन्हाळी वेळ पाळत नसल्याने ऑक्टोबरात तिथे आणखी एक तास मागे. घड्याळात नऊ वाजलेत म्हणून निर्धास्त राहाल, पण ऊन टेक्ससच्या घड्याळातल्या साडेदहा-अकराचं असेल. दिवसाचा हिशेब सूर्योदयापासून करा, काट्यांवरून नको.

सामान

मागच्या सीटमागे एक छोटा कप्पा असतो, त्यात किती वजन चालतं ते तुमच्या विमानाच्या कागदांवर लिहिलेलं आहे. तेवढंच. त्यातही मागचं वजन वाढलं की विमानाचा स्वभाव बदलतो, म्हणून प्रत्येक पिशवी काट्यावर ठेवून बघा.

पाणी सगळ्यात आधी. माणशी दिवसाला एक गॅलन, आणि ते कपड्यांच्या आधी मोजायचं. उपग्रहामार्फत हाक देणारा बीकन खिशात हवा, कप्प्यात नाही. उलटलेल्या विमानातून बाहेर पडाल तेव्हा अंगावर असेल तेवढंच तुमचं. आरसा, शिट्टी, चाकू, पातळ चकाकती चादर. स्पार्क प्लगची जोडी आणि त्यांचा पाना, सेफ्टी वायर, पक्कड, शेपटीच्या चाकाची ट्यूब, कापडाला लावायची पट्टी, स्वतःचे दोर आणि जमिनीत ठोकायच्या खुंट्या.

प्लगवरून सांगतो. १९३० साली आगाखान बक्षिसासाठी भारत-इंग्लंड एकट्याने उडायची शर्यत लागली होती. जेआरडी टाटा जिप्सी मॉथ या दुपंखी विमानातून कराचीहून निघाले. इजिप्तमध्ये अबुकिर इथे त्यांना उलट्या दिशेने येणारे अस्पी इंजिनिअर भेटले, स्पार्क प्लगसाठी अडकून पडलेले. जेआरडींनी आपल्याकडचे प्लग दिले आणि बक्षीस अस्पींनी नेलं. जास्तीचे प्लग ठेवा. न जाणो, समोरच्याला लागतील.

कपडे थरांत. ऑक्टोबरात सकाळी हात गारठतात आणि दुपारी त्याच जागी घाम. कानात बोळे, त्यावर हेल्मेट, गॉगल, मानेला लहान रुमाल. सिनेमातला लांब स्कार्फ घरी ठेवा. ओठांना मलम आणि नाकाला सनस्क्रीन न लावल्यास दोन दिवसांत साल निघते. नकाशा मांडीला पट्ट्याने बांधा, फोन दोरीने गळ्यात. जे बांधलेलं नाही ते उडालं असं समजा. खाऊमध्ये चिक्की उत्तम. चिवडा नको. पुडी उघडल्यावर त्यातला एक दाणाही तोंडात जात नाही आणि शेव मात्र पुढची कित्येक वर्षं कॉकपिटच्या तळातून निघत राहते.

सकाळची तयारी

उजाडण्याआधी विमानापाशी. पहिलं काम पंखा हाताने फिरवण्याचं. मॅग्नेटो (प्लगला ठिणगी पुरवणारं यंत्र) बंद, थ्रॉटल बंद, पेट्रोल बंद, चाकांना अडण्या, आणि तरीही पंख्याकडे कुत्र्याला हात लावावा तसं नव्हे, चालू इंजिनाकडे बघावं तसं बघायचं. सिलिंडर गोलाकार मांडलेल्या अशा इंजिनात खालच्या बाजूच्या सिलिंडरांत रात्रभर तेल झिरपून साठतं. द्रव दाबला जात नाही. तसंच स्टार्टर मारला तर दट्ट्याचा दांडा वाकतो.

म्हणून पाती उड्डाणाच्या दिशेनेच, एकेक करून सावकाश ओढायची. चार-टप्प्यांच्या इंजिनात सातही सिलिंडर दाबाखालून जायला पंख्याच्या दोन पूर्ण फेऱ्या लागतात, म्हणजे दोनपाती पंख्याची चार पाती. बहुतेक जण त्याच्या दुप्पट ओढतात. प्रत्येक पात्याला दाबाचा मऊ विरोध लागतो आणि फुस्स करून सुटतो. मध्येच पातं भिंतीला टेकल्यासारखं अडलं तर थांबा. जोर लावायचा नाही, उलटंही फिरवायचं नाही, कारण तेल शोषण-नळीत सरकतं आणि इंजिन चालू झाल्यावर परत येतं. खालच्या सिलिंडरांचे प्लग काढा, तेल गळू द्या, प्लग पुसून लावा. अर्धा तास जातो. जाऊ द्या.

मग तेल गरम होईपर्यंत शांत चालू ठेवायचं. गारठलेल्या तेलावर थ्रॉटल ढकलणं ही घाई महागात पडते.

निघण्याआधी उड्डाणाची योजना नोंदवा आणि आकाशात गेल्यावर ती सुरू करा. पोहोचण्याच्या वेळेनंतर अर्धा तास उलटूनही तुम्ही ती बंद केली नाही तर शोध सुरू होतो. हीच तिची किंमत. याचा दुसरा अर्थ असा की, उतरल्यावर पहिला फोन घरी नाही, योजना बंद करायला.

हवेत

उंची वाढेल तसं पेट्रोल-हवेचं मिश्रण विरळ करत जा, म्हणजे पेट्रोल कमी करत जा, नाहीतर इंजिन घुसमटतं आणि पेट्रोलचं गणितही चुकतं. दर पंधरा मिनिटांनी नकाशावर खूण आणि वेळ लिहा. दोन खुणांमधल्या वेळेवरून खरा वेग कळतो, आणि तो ठरल्यापेक्षा कमी निघाला तर पुढच्या नाही, अलीकडच्या थांब्यावर उतरायचं.

लॉर्ड्सबर्ग आणि विलकॉक्स या दोन्ही ठिकाणी कोरडी सरोवरं आहेत, प्लाया. लॉर्ड्सबर्गच्या प्लायावरून धूळ उठली की खालचा इंटरस्टेट बंद करतात, म्हणून रस्त्याच्या सूचना देणारी सेवाही उड्डाणाआधी बघा. वरून प्लाया म्हणजे देवाने दिलेली धावपट्टी वाटते, पांढरी आणि सपाट. पाऊस होऊन गेला असेल तर पापुद्र्याखाली चिखल असतो. चाकं रुततात आणि विमान नाकावरून उलटतं. इंजिन गेलंच तर महामार्गालगतचा कच्चा रस्ता बरा, विजेच्या तारा बघून. विलकॉक्सला हिवाळा काढायला सॅंडहिल क्रौंच हजारोंनी येतात. ऑक्टोबरात त्यांची ये-जा सुरू होते आणि सकाळी ते थव्याने उठतात. प्लायाच्या कडेने, उंची राखून जा.

वावटळ लांबून धुळीच्या खांबासारखी दिसते, तेव्हा टाळता येते. डांबरी धावपट्टीवर धूळ नसते, त्यामुळे तिथे ती दिसत नाही. उतरताना पट्टीच्या कडेची झुडपं अचानक उलट्या दिशेला हलली, वाऱ्याची पिशवी गोल फिरली, की थ्रॉटल पुढे आणि पुन्हा फेरी. ते झुडूप का हललं याचा विचार वर जाऊन करा.

रात्रीचा मुक्काम

डेमिंग, पेकोस, मराना ही युद्धकाळातली प्रशिक्षण केंद्रं. अशा जुन्या तळांवर बऱ्याचदा वेगवेगळ्या दिशांच्या धावपट्ट्या असतात, त्यामुळे वाऱ्याला तोंड देईल अशी निवडता येते. हँगरमध्ये जागा आहे का, हे उतरताच विचारा. दुपंखी विमान बघितलं की लोक आपली गाडी बाहेर काढून जागा देतात, आणि मग तासभर गप्पाही माराव्या लागतात. ती जागेची किंमत. बाहेरच ठेवायचं असेल तर नाक वाऱ्याकडे, दोन्ही पंख आणि शेपूट बांधलेलं, कॉकपिटमधली नियंत्रणाची कांडी पट्ट्याने आवळलेली, कॉकपिटवर झाकण. संध्याकाळी हवा शांत असली तरी बांधायचंच.

मरानाला पोहोचल्यावर

विलकॉक्सनंतर टेक्सस कॅनियनचे गोल दगड येतात, आणि टूसॉनच्या पश्चिमेला सग्वारो निवडुंग उभे दिसायला लागतात. मरानाच्या थोडं वायव्येला पायनल एअरपार्कवर निवृत्त प्रवासी विमानांच्या रांगा आहेत. टूसॉनला पीमा विमान संग्रहालय आहे, त्याला एक पूर्ण दिवस द्या.

विमान मात्र तसंच सोडून संग्रहालयात पळू नका. हवेची जाळी काढून झटका, केवढी माती निघते ते बघा. तेल बदला, कारण जी धूळ जाळीतून सुटली ती आता तेलात आहे. पंखांच्या तारांचा ताण तपासा, कापडावर खड्यांनी पडलेली भोकं शोधून पट्टी लावा. परतीसाठी थांबायची सोय असेल तर विमान हिवाळाभर तिथेच हँगरमध्ये ठेवा. कोरड्या हवेत कापड सुखात असतं. मार्चच्या शेवटी, पश्चिमेचा वारा बेताचा असेल अशी सकाळ बघून निघालात तर तोच वारा पाठीशी असतो. जाताना लॉर्ड्सबर्गला उतरला होतात, येताना विलकॉक्सहून थेट डेमिंग गाठता येतं.